हवेतून पाच व्होल्ट

गणपतीच्या मखरामागे फिरणाऱ्या चक्रावर दिवे लावायचे ठरले की पहिला प्रश्न दिव्यांचा नसतो, वायरचा असतो. चक्र फिरते, वायर फिरत नाही. चार फेऱ्यांत तिची वेणी होते. जुना उपाय म्हणजे पितळी कडी आणि तिच्यावर घासणारा कार्बनचा ब्रश. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुरकुरायला लागतो, दिवे लुकलुकतात, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत कोणीतरी रोज मखरामागे वाकून ब्रश पुसत बसतो. काही वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक पाकीट आणले. त्यात तांब्याच्या तारेची दोन चपटी वेटोळी आणि त्यांना जोडलेली नखाएवढी दोन सर्किटे होती. एकाला बारा व्होल्ट द्या, दुसऱ्यातून पाच व्होल्ट घ्या, मध्ये नुसती हवा. घरी टेबलावर दिवे झकास लागले. चक्रावर चढवले आणि विझले.

का विझले हे शोधण्यात दोन रात्री गेल्या, आणि उत्तर पाकिटावर कुठेच छापलेले नव्हते. कमी विजेवर चालणाऱ्या उपकरणासाठी असे मॉड्यूल घेताना आपण व्होल्ट आणि अँपिअर वाचतो. निकाल मात्र तीन वेगळ्याच गोष्टींवर लागतो: वेटोळ्यांमधले अंतर, आसपासचा धातू, आणि उपकरण फारशी वीज घेत नसताना काय होते. या तिसऱ्या गोष्टीकडे तर कोणी बघतच नाही.

बिनतारी वीज अजूनही अनेकांना प्रयोगशाळेतली जादू वाटते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यातून जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी ती वापरते. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वर टांगलेल्या रीडरच्या लहरींतून मिळालेल्या काही मायक्रोवॉटवर त्यातली चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा मरते. मेट्रोचे कार्ड तसेच. कॉक्लिअर इम्प्लांट हे त्याहून मोठे उदाहरण. कानामागे चुंबकाने चिकटलेले बाहेरचे वेटोळे कातडीपलीकडच्या वेटोळ्याला वीज आणि आवाजाचा संकेत दोन्ही पोचवते. मध्ये काही मिलिमीटर कातडी, आणि चुंबकामुळे दोन्ही वेटोळी नेहमी समोरासमोर. या क्षेत्रातले शहाणपण त्या चुंबकात आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि निवडीला फारसा उपयोगी पडत नाही. फॅरडेने १८३१ साली प्रवर्तन दाखवले. टेस्लाने १९०१ पासून लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला; पैसा आटला, आणि १९१७ साली मनोरा पाडला गेला. २००७ साली एमआयटीत मरिन सोल्याचिच यांच्या गटाने दोन मीटरवरून ६० वॉटचा दिवा लावला, सुमारे ४० टक्के कार्यक्षमतेने. तेव्हापासून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-प्रदर्शनात हवेतून दिवा लावणारे एक तरी टेबल असतेच. एमआयटीची वेटोळी ६० सेंटिमीटर व्यासाची होती, ही गोष्ट मात्र त्या टेबलावर कोणी सांगत नाही.

सगळे इथेच अडते. वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या आकाराच्या हिशेबात विरळ होते, फुटपट्टीच्या हिशेबात नाही. ४० मिलिमीटर व्यासाचे वेटोळे घ्या. मध्यरेषेवर २० मिलिमीटर वर गेलात की क्षेत्र ३५ टक्क्यांवर येते, ४० मिलिमीटरवर ९ टक्के, ६० मिलिमीटरवर जेमतेम ३ टक्के. मिळणारी वीज साधारण याच्या वर्गाने घटते. म्हणून माझा ठोकताळा असा: व्यासाच्या पाव भागाइतके अंतर म्हणजे सुख, अर्ध्याइतके म्हणजे तडजोड, पूर्ण व्यासाइतके म्हणजे हट्ट. दहा मिलिमीटर जाडीच्या भिंतीपलीकडे वीज न्यायची असेल तर आधी ४० मिलिमीटरच्या वेटोळ्याला जागा आहे का ते बघा. चिप कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

रेझोनन्स इथे मदतीला येतो. सारंगीच्या तरफेच्या तारांना कोणी हात लावत नाही, तरी त्यांचा सूर मुख्य तारेवर लागला की त्या आपोआप बोलतात. किंचित उतरल्या असतील तर गप्प राहतात. वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी तशीच एका सुरात लावायची असते. ३० मायक्रोहेन्रीचे वेटोळे आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांचा सूर सुमारे ९२ किलोहर्ट्झला लागतो. दोन्ही बाजू सुरात असतील तर किती कार्यक्षमता मिळू शकते, हे दोनच आकड्यांवर ठरते: वेटोळ्यांची एकमेकांशी जोड किती, आणि प्रत्येक वेटोळे स्वतः किती कमी वीज खाते, म्हणजे त्याचा क्यू. क्यू १०० आणि जोड एक दशांश असेल तर ८० टक्क्यांच्या थोडे वर जाता येते. जोड एक शतांशावर घसरली तर फार तर १७ टक्के. हा निसर्गाचा हिशेब आहे, कुठलीही चिप तो मोडत नाही.

आता बाजार. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारा प्रकार म्हणजे माझ्या पाकिटातला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा ऑनलाइन, सगळीकडे तोच. पाठवणाऱ्या सर्किटवर बहुधा एक्सकेटी मालिकेतली एखादी चिप असते, घेणाऱ्यावर रेक्टिफायर आणि व्होल्टेज उतरवणारे सर्किट. दोघांत कसलेही बोलणे नाही. पाठवणारा आंधळेपणाने वेटोळ्यात प्रवाह सोडत राहतो. समोर घेणारा आहे की चमचा आहे, त्याला कळत नाही. वर ठेवलेले रुपयाचे नाणे तापते. पाकिटावरचा मिलिॲम्पिअरचा आकडा वेटोळी जवळजवळ चिकटलेली असतानाचा असतो. अंतर वाढले की आधी प्रवाह कोसळतो, व्होल्टेज काही काळ तग धरते, मग तेही जाते. मी टेबलावर वेटोळी एकावर एक ठेवली होती. चक्रावर ती आठ मिलिमीटर लांब गेली, आणि मधून पोलादी दांडा आरपार.

तो दांडाच खरा गुन्हेगार निघाला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात भरीव धातू आला की त्यात भोवरी प्रवाह उठतात. वीज तिथे उष्णता होऊन जाते आणि वेटोळ्याचा सूरही बदलतो. दांड्याऐवजी बॅटरीचे कवच, पितळी बोल्ट, ॲल्युमिनिअमची पेटी काहीही असले तरी परिणाम तोच. ॲल्युमिनिअमच्या बंद डब्यात शंभर किलोहर्ट्झची वीज पाठवायचा विचार सोडून द्यावा. धातू फक्त वेटोळ्याच्या मागे असेल आणि हटवता येत नसेल तर वेटोळे आणि धातू यांच्यामध्ये फेराइटचा पत्रा घाला. तो क्षेत्राला आपल्यातून वाट देतो आणि मागच्या धातूला वाचवतो. पण फेराइट लावल्याने वेटोळ्याचे इंडक्टन्स वाढते, हे विसरून चालत नाही. ३० चे ४० मायक्रोहेन्री झाले तर ९२ किलोहर्ट्झचा सूर ८० वर उतरतो. परत चढवायला १०० ऐवजी ७५ नॅनोफॅरड लावावे लागतात. मॉड्यूल आपल्या कामाला जुळवून घेणे म्हणतात ते मुख्यतः एवढेच: फेराइट, अंतर, आणि त्यानुसार बदललेला एक कपॅसिटर.

तो कपॅसिटरही कुठलाही नको. पुरवठा बारा व्होल्टचा असला तरी रेझोनन्समध्ये कपॅसिटरवर त्याच्या कितीतरी पट दाब येतो. ड्रॉवरमधला साधा सिरॅमिक लावला तर दाबासरशी त्याची क्षमता बदलते, तो तापतो आणि सूर भरकटतो. पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा किंवा सीझिरोजी जातीचा सिरॅमिक घ्यावा, दाबाची भरपूर मोकळीक ठेवून. वेटोळे स्वतः गुंडाळायचे असेल तर तारेचाही विचार करा. १०० किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या सुमारे ०.२ मिलिमीटर थरातच वाहतो, म्हणून एका जाड तारेपेक्षा एकमेकींपासून विलग केलेल्या बारीक तारांचा पीळ, म्हणजे लिट्झ वायर, बरी. हाताने गुंडाळताना बोटे दुखतात, पण क्यू वाढतो.

आता ती दुर्लक्षित गोष्ट. मोठ्या लोडला वीज कमी पडते हे लगेच दिसते. छोट्या लोडचे दुखणे उलटे आहे: वेटोळी जवळ आणि उपकरण झोपलेले असेल तर घेणाऱ्या बाजूचा दाब भलताच चढतो. दिवसभर वीस मायक्रोअँपिअरवर झोपणारा सेन्सर आणि समोर काही वॉट ढकलायला बसलेला पाठवणारा, ही जोडी घेणाऱ्याची चिप जाळू शकते. माझी एक जळली आहे, मधमाशीच्या नांगीएवढा धूर काढून. रेक्टिफायरनंतर योग्य व्होल्टचा झेनर किंवा टीव्हीएस डायोड लावणे हा स्वस्त विमा आहे. त्यानंतरचा रेग्युलेटरही बघून घ्यावा. सगळीकडे मिळणारा एएमएस१११७ स्वतःच सुमारे पाच मिलिॲम्पिअर पितो. ज्या सेन्सरची सरासरी भूक त्याच्या शंभराव्या भागाइतकीही नाही, त्याच्यासमोर हा राक्षस बसवण्यात अर्थ नाही. एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर हेच काम सुमारे १.६ मायक्रोअँपिअरमध्ये करतो. पाच व्होल्टचे ३.३ करताना दोन्हींत एकतृतीयांश वीज उष्णतेत जाते, ते वेगळे.

उलटे टोकही असते. ईएसपी३२ वायफायवर बोलताना क्षणभर २४० मिलिॲम्पिअरपर्यंत ओढतो. आठ मिलिमीटरवरचे छोटे मॉड्यूल ते देऊ शकत नाही, दाब घसरतो, चिप रीसेट होते, पुन्हा वायफाय शोधते, पुन्हा पडते. यावर उपाय मोठे मॉड्यूल नव्हे, मोठा कपॅसिटर. २४० मिलिॲम्पिअर पाच मिलिसेकंद पुरवायचे आणि दाब अर्धा व्होल्टच घसरू द्यायचा तर २४०० मायक्रोफॅरड लागतात. बिनतारी दुव्याने सरासरी भागवायची, कपॅसिटरने शिखर. कमी विजेच्या कामात बहुतेक वेळा एवढी एक वाटणी पुरते.

बॅटरी भरायची असेल तर टीपी४०५६ चे लाल-निळे चार्जर सर्किट जवळजवळ सगळेच वापरतात, आणि बरेचजण तिथेच फसतात. त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे ते एक अँपिअर मागते. मिळतात दोनशे मिलिॲम्पिअर. पाच व्होल्टचे चार होतात, चार्जर बंद पडतो, दाब वर येतो, पुन्हा चालू. दिवा सणासारखा उघडझाप करतो. तो रेझिस्टर काढून दहा किलोओहमचा लावा, मागणी सुमारे १३० मिलिॲम्पिअरवर येते आणि सगळे शांत होते. मॉड्यूल खराब आहे म्हणून परत करायला निघालेल्या दोघांना मी हा एक डाग द्यायला लावून परत पाठवले आहे. आणि एक इशारा: नाण्याच्या आकाराचे सीआर२०३२ सेल भरायचे नसतात. भरता येतात ते एलआयआर २०३२. दिसायला जुळे आहेत, पण पहिल्याला चार्जर लावणे धोक्याचे.

दुसरे घराणे क्यूआयचे. उच्चार ‘ची’ असा आहे, पण मराठीत तो षष्ठीचा प्रत्यय वाटेल म्हणून क्यूआयच लिहितो. २००८ साली स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमचे हे मानक. मोबाइलखालच्या चकत्या याच्यावर चालतात. मूळ पाच वॉटच्या प्रकारात पाठवणारा ठरावीक काळाने ठोका देऊन बघतो, कोणी आहे का. घेणारा आपला लोड किंचित हलवून सेकंदाला दोन हजार बिटच्या संथ भाषेत उत्तर देतो: मी आहे, थोडी वाढव, थोडी कमी कर, पुरे. निरोप थांबले की पाठवणारा वीज तोडतो. नाण्याची आणि किल्लीची दखल घेणारी सोयही आहे. दाब बेफाम चढत नाही, कारण घेणारा सांगू शकतो. उपकरण लोकांच्या घरात जाणार असेल तर माझे मत स्वच्छ आहे: क्यूआयचा घेणारा भाग बसवा. चार्जर लोकांकडे आधीच असतो. टीआय (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीची बीक्यू५१००३ ही अडीच वॉटपर्यंतची चिप लहान उपकरणांसाठीच काढलेली आहे.

पण फार लहान भुकेला क्यूआय जमत नाही. लोड अगदी कमी असला की घेणाऱ्याचे लोड हलवणे चकतीला नीट ऐकू येत नाही, आणि संवाद तुटतो. शिवाय ही वेटोळी बहुधा रुपयाच्या नाण्याहून मोठी. श्रवणयंत्रात किंवा अंगठीत ती मावत नाहीत. तिथे ॲनॉलॉग डिव्हाइसेसच्या एलटीसी४१२३ आणि एलटीसी४१२४ सारख्या चिपा आहेत. पहिली श्रवणयंत्राचा निकेल-मेटल हायड्राइड सेल २५ मिलिॲम्पिअरने भरते, दुसरी लिथियम सेल १०० मिलिॲम्पिअरपर्यंत. महाग आहेत, पण श्रवणयंत्र बनवणाऱ्याचे डोके वाचवतात. २०२३ साली आलेल्या क्यूआय२ मध्ये चुंबकांचे कडे आले. कॉक्लिअर इम्प्लांटवाल्यांना सुरुवातीपासून ठाऊक असलेली गोष्ट मोबाइलवाल्यांना तेव्हा पटली: वेटोळी समोरासमोर राहिली नाहीत तर बाकी सगळी हुशारी फुकट. घरगुती जुळवाजुळवीतही छोटी निओडिमिअम चुंबके हा सगळ्यात स्वस्त सुधार. होकायंत्राच्या सेन्सरजवळ मात्र ती लावू नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसाच्या छातीपासून असली सगळी यंत्रे लांब ठेवा.

६.७८ मेगाहर्ट्झचे एअरफ्युएल घराणे कागदावर सरस होते, अंतर आणि सरकणे जास्त सोसायचे. पण दुकानात ते दिसत नाही, म्हणून मीही पुढे जातो.

१३.५६ मेगाहर्ट्झचे एनएफसी मला व्यक्तिशः सगळ्यात आवडते, कारण इथे वीज देणारा आपल्या खिशात असतो. मोबाइल जवळ आणला की एसटी२५डीव्ही किंवा एनटॅग आयटूसी प्लस सारखी चिप काही मिलिवॉट काढून देते, आणि त्याच दुव्यावरून माहितीही जाते. वेटोळे म्हणजे सर्किटवरच कोरलेल्या चार-पाच रेघा, वेगळा खर्च नाही. शीतपेटीतला तापमान नोंदवणारा तुकडा, ई-पेपरवरची किंमतपट्टी, सीलबंद यंत्राच्या आतली मापने, अशा ठिकाणी बॅटरी मुळातच लागत नाही. २०२० साली एनएफसी फोरमने एक वॉटपर्यंत चार्जिंगचे मानकही काढले. गरज मिलिवॉटची असेल आणि वाचायला माणूस येणारच असेल, तर इतर काही शोधू नये.

दूरवरून वीज, ही जाहिरातींची लाडकी गोष्ट. हिशेब करून पाहा. ८६६ मेगाहर्ट्झला, अँटेनाचा जोर धरून चार वॉट सोडले, तर पाच मीटरवर साध्या अँटेनाला सुमारे १२० मायक्रोवॉट मिळतात, दहा मीटरवर ३०. मध्ये माणूस उभा राहिला की तेही नाहीत. फास्टॅगला हे पुरते, कारण त्याला काही क्षण जगायचे असते. त्यात आपल्याकडचा एक पेच आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ पट्टा अशा कामाला मोकळा असतो, म्हणून तिथली तयार किट ९१५ वर चालतात. भारतात त्यातला काही भाग मोबाइल सेवेचा. परवान्याशिवाय वापरता येतो तो ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा अरुंद पट्टा. मागवलेले अमेरिकी किट इथे चालू करणे बेकायदा आहे. लहरींना मंजुरी देणाऱ्या दूरसंचार विभागाच्या शाखेचे लघुनाम डब्ल्यूपीसी, आणि क्यूआयवाल्या संस्थेचेही डब्ल्यूपीसी. एकाच कागदावर दोघांची नावे आली की कारकून आणि अभियंता दोघेही गोंधळतात.

मुळात वायर काढायची का? एका सीआर२०३२ सेलमध्ये सुमारे २२५ मिलिॲम्पिअर-तास असतात. सरासरी २० मायक्रोअँपिअर घेणारा सेन्सर त्यावर सव्वा वर्ष चालतो. समजा बिनतारी पाठवणारा रिकामा असताना बारा व्होल्टवर ५० मिलिॲम्पिअर घेतो. मग तो वर्षभरात सव्वापाच युनिट जाळेल, समोरचा सेन्सर दहा मिलिवॉट घेत असला तरी. त्यामुळे शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरला चांगला सेल बरा, टेबलावरच्या यंत्राला चुंबकी टोकाची केबल बरी. बिनतारी दुवा हवा तो फिरणाऱ्या दांड्याला, पाण्यात बुडणाऱ्या सीलबंद पेटीला, कातडीखालच्या यंत्राला, आणि ज्याचे चार्जिंगचे भोक घाणीने किंवा घामाने भरते अशा अंगावरच्या उपकरणाला. यापलीकडच्या बहुतेक ठिकाणी तो नुसता थाट असतो.

आमच्या चक्रात शेवटी वेटोळे दांड्याच्या मोकळ्या टोकावर, लाकडी चकतीवर बसवले, मागे फेराइट, मध्ये तीन मिलिमीटर फट.

असे पाकीट आणलेत तर पहिल्याच संध्याकाळी एक काम करा. वेटोळ्यांमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून रचत जा. दर वेळी वेगवेगळे रेझिस्टर लोड म्हणून लावून व्होल्ट आणि मिलिॲम्पिअर वहीत लिहा. मग वेटोळे पाच-पाच मिलिमीटर बाजूला सरकवून तेच करा, आणि शेवटी लोड काढून दाब कुठवर चढतो ते बघा. तासाभरात वहीच्या एका पानावर जो तक्ता तयार होईल, तीच त्या मॉड्यूलची डेटाशीट. ते पान पाकिटातच ठेवून द्या.